दोन देशांची पिकाखालची जमीन कशी ताडून पाहावी: भारत आणि चीनचं उदाहरण

भारत आणि चीन, यांपैकी पिकाखालची जमीन कोणाकडे जास्त? आणि गेल्या साठ वर्षांत ती कोणाची वाढली, कोणाची घटली? प्रश्न एका ओळीचा आहे आणि शोधायला बसलं की उत्तरंही एकेका ओळीत मिळतात. भारताचा आकडा एका ठिकाणी १४ कोटी हेक्टर, दुसरीकडे जवळपास १७ कोटी, तिसरीकडे १८ कोटी आणि चौथीकडे २१ कोटींच्या पुढे. यातला एकही आकडा खोटा नाही. चौघांनी चार वेगळ्या गोष्टी मोजल्या आहेत, एवढंच.

मी बार्शीकडची. घरची जिरायत भाऊ बघतो, मी पदवीच्या मुलांना भूगोल शिकवते. प्रकल्पासाठी हा विषय कोणी ना कोणी घेतंच, कारण आकडे फुकट मिळतात आणि आलेख छान दिसतो. त्या मुलांना मी ज्या क्रमानं कामाला बसवते तोच क्रम इथे लिहिते आहे. उदाहरण भारत-चीनचंच ठेवते. जगात सर्वांत जास्त माणसं पोसणारे हे दोन देश आहेत, आणि तुलनेत जेवढ्या म्हणून अडचणी येऊ शकतात तेवढ्या या एका जोडीत येतात.

आधी ठरवा: रान मोजायचंय की पेरा

संगणक उघडायच्या आधी एक सातबारा समोर घ्या. नसेल तर असं एक रान धरा: एकूण १ हेक्टर ६० आर. त्यातले २० आर ओढा, बांध आणि खडकाळ तुकडा म्हणून पोटखराब. उरलेल्या १ हेक्टर ४० आरांपैकी २० आरांवर डाळिंब, २० आर यंदा पड, आणि १ हेक्टरवर खरिपात सोयाबीन. सोयाबीन निघाल्यावर त्यातल्याच ६० आरांत हरभरा पेरला.

या शेतकऱ्याकडे पिकाखाली किती जमीन आहे?

आपल्या सरकारी आकडेवारीतलं निव्वळ पेरणी क्षेत्र विचाराल तर १ हेक्टर २० आर. त्यात सोयाबीनचं रान आणि डाळिंबाची बाग धरली जाते, पड सोडली जाते, आणि दोनदा पेरलेली जमीन एकदाच मोजली जाते. पिकाखालील एकूण क्षेत्र विचाराल तर १ हेक्टर ८० आर, कारण हरभऱ्याचे ६० आर पुन्हा मिळवले जातात. हा आकडा मूळ धारणेपेक्षाही मोठा आहे हे लक्षात घ्या. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना, म्हणजे फाओ, तिच्या पद्धतीनं विचाराल तर हिशेब तिसराच. ती 'अरेबल लँड'मध्ये हंगामी पिकांचं रान आणि पाच वर्षांपेक्षा कमी काळ पड असलेली जमीन धरते, म्हणजे १ हेक्टर २० आर. फळबाग, नारळ, काजू, चहा-कॉफी अशी वर्षानुवर्षं उभी राहणारी झाडं 'पर्मनंट क्रॉप्स'मध्ये वेगळी जातात, म्हणजे २० आर. या दोहोंची बेरीज म्हणजे 'क्रॉपलँड', १ हेक्टर ४० आर.

आता नीट बघा. निव्वळ पेरणी क्षेत्र आणि अरेबल लँड, दोन्ही १ हेक्टर २० आर आले. पण एकात बाग आहे आणि पड नाही, दुसऱ्यात पड आहे आणि बाग नाही. आकडा जुळला म्हणून व्याख्या जुळली असं कधीही समजू नका. हे रान मी मुलांना फळ्यावर काढून दाखवते, आणि बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण एवढं लक्षात ठेवा म्हणून सांगते.

देशाच्या पातळीवर हेच मोठं होऊन येतं. भारताचं निव्वळ पेरणी क्षेत्र सुमारे १४ कोटी हेक्टर. फाओच्या क्रॉपलँडमध्ये भारत सुमारे १६.९ कोटी. मधल्या फरकाचा मोठा भाग चालू पड आणि इतर पड जमिनींचा आहे. त्या दोन्ही मिळून साधारण अडीच कोटी हेक्टर भरतात. आणि २०२१-२२ चं पिकाखालील एकूण क्षेत्र सुमारे २१.९ कोटी, कारण तिथे दुबार पेरा मोजला जातो.

तेव्हा वहीच्या पहिल्या ओळीत लिहा: मला नेमकं काय मोजायचं आहे? शेतीसाठी राखलेली जमीन किती हा प्रश्न असेल तर क्रॉपलँड घ्या. जमिनीचा वापर किती कसून होतो हे बघायचं असेल तर एकूण पेरा घ्या. 'शेतजमीन' या नावानं येणाऱ्या आणखी एका मोठ्या आकड्यापासून मात्र दूर राहा. फाओच्या 'ॲग्रिकल्चरल लँड'मध्ये कायमची कुरणंही येतात. चीनकडे आतल्या मंगोलियापासून तिबेटपर्यंत प्रचंड कुरणं आहेत, त्यामुळे त्या आकड्यावर चीन भारताच्या कितीतरी पुढे दिसतो. क्रॉपलँडवर मात्र भारत पुढे आहे. याच एका गोंधळामुळे परस्परविरोधी बातम्या छापून येतात.

आकडे उतरवताना

फाओचं फाओस्टॅट हे संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. त्यात जमीन आणि निविष्ठांच्या गटात 'लँड यूज' नावाचं पान आहे. तिथे देश, बाब आणि वर्षं निवडायची. आकडे १९६१ पासूनचे आहेत. एकक असतं हजार हेक्टर, म्हणून १६९,००० दिसलं तर ते १६.९ कोटी हेक्टर समजा. शून्यांत चूक झाली की पुढचं सगळं वाया जातं. मी मुलांना उतरवल्या उतरवल्या शेजारच्या रकान्यात कोटी हेक्टरमध्ये रूपांतर करून ठेवायला लावते, कारण आपल्या डोळ्याला कोटी कळतात.

देश निवडताना चीनपाशी थांबा. यादीत 'चायना' वेगळं असतं आणि 'चायना, मेनलँड' वेगळं. पहिल्यात हाँगकाँग, मकाव आणि तैवान धरलेले असतात, दुसऱ्यात नाहीत. दोन्हींवर खूण करून बेरीज केली तर एकच जमीन दोनदा मोजली जाते. चीनच्या सरकारी पाहण्यांशी ताडून बघणार असाल तर मेनलँड घ्या.

प्रत्येक आकड्याशेजारी एक अक्षर असतं, ते बहुतेक जण पुसून टाकतात. पुसू नका. 'ए' म्हणजे त्या देशानं दिलेला अधिकृत आकडा, 'ई' म्हणजे अंदाज, 'आय' म्हणजे आकडा नव्हता म्हणून हिशेबानं भरलेला. सलग दहा वर्षं एकच आकडा आणि शेजारी 'ई' दिसलं, तर त्या दहा वर्षांत जमीन स्थिर होती असा निष्कर्ष काढता येत नाही; त्या दहा वर्षांची माहितीच नाही असं धरायचं.

अजून एक. जागतिक बँकेच्या पानावरचा अरेबल लँडचा आकडा मूळचा फाओचाच असतो. दोन ठिकाणी तोच आकडा मिळाला म्हणून त्याची खात्री पटली असं होत नाही, एका विहिरीचं पाणी दोन घागरींत भरावं तसं आहे ते. खात्री करायची तर देशाच्या स्वतःच्या आकडेवारीकडे जा: भारतासाठी कृषी मंत्रालयाची जमीन-वापराची आकडेवारी, चीनसाठी तिथली सांख्यिकी वार्षिकं आणि राष्ट्रीय जमीन पाहण्या.

सगळे आकडे एकाच बैठकीत उतरवा आणि वर तारीख लिहा. फाओ मागची वर्षंही सुधारत असते. जुन्या छापील वार्षिकातली १९८० पर्यंतची मालिका आणि आज उतरवलेली पुढची मालिका एकमेकींना जोडली तर सांध्यावर एक खोटी पायरी तयार होते.

पायरी दिसली की आधी मोजणी तपासा

या कामातला माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग हाच, म्हणून इथे जरा जास्त रेंगाळते.

चीनच्या अधिकृत आकडेवारीत १९९५ साली लागवडीखालची जमीन सुमारे ९.५ कोटी हेक्टर होती. १९९६ च्या मोजणीनंतर तीच १३ कोटी हेक्टर झाली. एका वर्षात साडेतीन कोटी हेक्टर! महाराष्ट्राचं सगळं भौगोलिक क्षेत्र ३.०८ कोटी हेक्टर आहे. त्याहून जास्त जमीन कागदावर एका रात्रीत उगवली. शेतात मात्र काहीही बदललेलं नव्हतं. आधीचे आकडे गावांनी वर कळवलेले होते. धान्याचा कोटा आणि कर जमिनीवर ठरत असल्यानं क्षेत्र कमी सांगण्याकडे कल होता. मू हे तिकडचं जमिनीचं माप; डोंगराळ भागात स्थानिक मू प्रमाण मूपेक्षा मोठा धरला जाई. नव्यानं फोडलेली जमीन कागदावर चढतच नसे. पहिल्या राष्ट्रीय पाहणीत नीट मोजणी झाली आणि दडलेलं क्षेत्र वर आलं.

हा मू नीट समजून घ्या, कारण चीनच्या बातम्या मूमध्येच असतात. १५ मू म्हणजे १ हेक्टर. आपल्या एकरात साधारण सहा मू बसतात, म्हणजे एक मू जवळजवळ साडेसहा गुंठ्यांचा. चीनमध्ये १८० कोटी मूंची 'लाल रेषा' सतत ऐकू येते. लागवडीची जमीन याखाली जाऊ द्यायची नाही, असं सरकारचं धोरण आहे. १८० भागिले १५, म्हणजे १२ कोटी हेक्टर.

पुढे २००९ च्या दुसऱ्या पाहणीत आकडा १३.५४ कोटी हेक्टर निघाला. पहिल्या पाहणीत दरवर्षीची भर-घट घालत आणलेल्या आकड्यापेक्षा हा सुमारे १.३६ कोटींनी जास्त. पुन्हा तीच गोष्ट, या वेळी उपग्रह आणि चांगल्या नकाशांमुळे. आणि २०१९ च्या तिसऱ्या पाहणीत आकडा १२.७९ कोटी, म्हणजे दहा वर्षांत ७५ लाख हेक्टरांची घट.

ही शेवटची घट मात्र मोजणीची नाही, ती जमिनीवर झालेली आहे. पाहणीनं जमीन कुठे गेली तेही सांगितलं. निव्वळ हिशेबात ११.२ कोटी मू जंगल-लागवडीकडे गेली आणि ६.३ कोटी मू फळबागांकडे. दुसरीकडून थोडी जमीन लागवडीखाली आलीही, म्हणून या दोहोंची बेरीज एकूण घटीपेक्षा जास्त भरते. १९९९ पासून चीननं उताराची शेती बंद करून तिथे झाडं लावण्याचा मोठा कार्यक्रम राबवला. त्याची छाया या आकड्यांत दिसते.

आता पुन्हा सुरुवातीच्या त्या रानाकडे या. फळबागेकडे गेलेले ६.३ कोटी मू, म्हणजे ४२ लाख हेक्टर, अरेबल लँडमधून वजा होतील. पण क्रॉपलँडमधून होणार नाहीत, कारण बाग म्हणजे पर्मनंट क्रॉप. त्यामुळे 'चीननं दहा वर्षांत ७५ लाख हेक्टर शेती गमावली' हे वाक्य एका व्याख्येत खरं आणि दुसऱ्या व्याख्येत बरंच ढिलं ठरतं. सफरचंदाच्या बागेला शेती म्हणायचं की नाही, हे तुम्हाला तुमच्या पहिल्या ओळीत आधीच लिहून ठेवावं लागतं.

भारताची मालिका त्या मानानं शांत, पण तीही तपासल्याशिवाय घेऊ नका. १९५०-५१ साली निव्वळ पेरणी क्षेत्र ११.८७ कोटी हेक्टर होतं. १९७०-७१ पर्यंत ते सुमारे १४ कोटी झालं आणि तेव्हापासून तिथेच घुटमळतं आहे. वीस वर्षांत दोन कोटींहून जास्त वाढ. पण त्याच काळात ज्या क्षेत्राची माहिती गोळा होते, ते अहवालित क्षेत्रही २८.४ कोटींवरून ३०.४ कोटींवर गेलं. म्हणजे वाढीचा काही भाग नव्यानं नोंदीत आलेल्या जमिनीचा असू शकतो. अशा वेळी काय करायचं? दोन्ही वर्षांना अहवालित क्षेत्रानं भागा. १९५०-५१ ला ४१.८ टक्के, १९७०-७१ ला ४६ टक्क्यांच्या थोडं वर. टक्केवारीही वाढली, म्हणजे पडीक फोडून पेरा खरोखर वाढला होता. मात्र नुसत्या हेक्टरांवरून वाटतो तेवढा नाही. हा भागाकार दोन मिनिटांचा आहे. तो करा.

माझा नियम सरळ आहे. एका वर्षात तीन-चार टक्क्यांहून मोठी उडी किंवा घसरण दिसली की त्या वर्षी मोजणी बदलली का, सीमा बदलली का, की पाऊस बुडाला, ही तीन उत्तरं मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही. सीमांचं भारत-चीनला १९६१ नंतर फारसं लागत नाही. पण सुदान घ्याल तर २०११ ची फाळणी, रशिया घ्याल तर १९९१ चं सोव्हिएत विघटन मध्ये येतं, आणि मग दोन्ही बाजूंना तोच भूभाग आहे ना, हे बघावं लागतं.

दुष्काळाचं वर्ष

पाऊस बुडाल्याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. २००२ च्या जुलैत देशभर सरासरीच्या निम्म्यानंच पाऊस झाला. २००१-०२ चं निव्वळ पेरणी क्षेत्र १४ कोटींच्या वर होतं, २००२-०३ मध्ये ते सुमारे १३.२ कोटींवर आलं, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा १४ कोटींवर. ८० लाखांहून जास्त हेक्टर एका वर्षासाठी पेऱ्यातून निघून चालू पडीत गेले. आमच्याकडे याला 'रान पडून राहिलं' म्हणतात. जमीन कुठे गेलेली नसते.

फाओच्या क्रॉपलँडमध्ये हा खड्डा दिसायला नको, कारण एक वर्ष पडलेलं रान त्यात धरलेलंच असतं. म्हणून भारताचं निव्वळ पेरणी क्षेत्र आणि चीनचं पाहणीतलं लागवड क्षेत्र अशी तुलना केली, तर भारताला दुष्काळाचा दणका बसतो आणि चीनला बसत नाही. हा अन्याय फक्त व्याख्येमुळे होतो.

उपाय सोपे आहेत. एकतर दोघांचीही क्रॉपलँडच घ्या. ते शक्य नसेल तर तीन वर्षांची सरासरी घ्या: आधीचं, तेच आणि पुढचं वर्ष. तुलनेची सुरुवातीची आणि शेवटची वर्षं तर कधीच एकटी घेऊ नका. २००२-०३ पासून सुरुवात केली तर भारतात शेती झपाट्यानं वाढली असं कोणालाही सिद्ध करता येईल, आणि २००२-०३ ला शेवट केला तर शेती संपत चालली असंही. भाषणांत दोन्ही ऐकायला मिळतं. आपलं कृषी वर्ष १ जुलै ते ३० जून असतं हेही वहीत टिपून ठेवा. कॅलेंडर वर्षाशी जुळवताना कोणतं वर्ष धरलं ते लिहिलं पाहिजे.

आता मांडणी

एक्सेलमध्ये वर्ष, भारत अरेबल, भारत पर्मनंट, बेरीज, खुणेचं अक्षर, आणि तसेच चीनचे रकाने करा. शेवटी शेऱ्याचा रकाना ठेवा. 'पाहणी बदलली', 'दुष्काळ', 'अंदाज' हे त्या त्या वर्षासमोर तिथेच लिहायचं, वेगळ्या कागदावर नाही; तो कागद हरवतो.

मग आलेख एकच काढू नका, दोन काढा. पहिला कोटी हेक्टरमध्ये, उभा अक्ष शून्यापासून. यात दोन्ही रेषा जवळपास आडव्या दिसतील आणि मुलं हिरमुसतात. पण आडवी रेषा हीच इथली बातमी आहे: इतक्या वर्षांत माणसं कितीतरी पट झाली, जमीन जवळजवळ तेवढीच राहिली. दुसरा आलेख १९६१ म्हणजे १०० धरून. भारताचं क्रॉपलँड तेव्हा सुमारे १६.१ कोटी आणि २०२० च्या सुमारास १६.९, म्हणजे निर्देशांक साधारण १०५. हा आलेख बदलाचा वेग दाखवतो, पण आकार लपवतो. म्हणून दोन्ही शेजारी शेजारी ठेवायचे.

बेरजेच्या आतही डोकवा. भारताची अरेबल जमीन साठ वर्षांत १५.५ कोटींच्या आसपासच राहिली. वाढ झाली ती पर्मनंट क्रॉप्समध्ये, अर्ध्या कोटीच्या आसपासवरून १.३ कोटी हेक्टरांच्या वर. महाराष्ट्राचा यात थेट वाटा आहे. १९९० च्या सुमारास रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आली आणि कोकणात हापूस-काजू, आमच्या सोलापूर भागात डाळिंब-बोर अशा बागा हलक्या रानांवर उभ्या राहिल्या. जी बेरीज आलेखात पाच टक्क्यांची किरकोळ वाढ वाटते, ती या भागात उघड्या डोळ्यांनी दिसते.

जमिनीच्या एकूण क्षेत्राशी टक्केवारी काढली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. भारताचं भूक्षेत्र सुमारे २९.७ कोटी हेक्टर, त्यातलं ५७ टक्के क्रॉपलँड. चीनचं भूक्षेत्र जवळपास ९४ कोटी, आणि तिसऱ्या पाहणीतलं लागवड क्षेत्र १२.७९ कोटी अधिक बागांचे २.०२ कोटी मिळून १४.८ कोटी, म्हणजे सोळा टक्क्यांच्या आत. चीनचा बहुतेक पश्चिम भाग वाळवंट, पठार आणि डोंगर आहे. आणि आत पुन्हा उत्तर-दक्षिण फरक: तिसऱ्या पाहणीत ६४ टक्के लागवड जमीन छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदीच्या रेषेच्या उत्तरेला निघाली, जिथे पाणी कमी आहे.

माणशी हिशेब मी नेहमी गुंठ्यांत करायला लावते. ०.१२ हेक्टर म्हटलं तर कोणाच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. भारतात १९६१ साली जनगणनेनुसार ४३.९ कोटी माणसं आणि १६.१ कोटी हेक्टर, म्हणजे माणशी ३६ गुंठे. २०२० च्या सुमारास १३९ कोटी माणसं आणि १६.९ कोटी हेक्टर, म्हणजे माणशी १२ गुंठे. चीनमध्ये २०२० च्या जनगणनेत १४१ कोटी, आणि वरचे १४.८ कोटी हेक्टर, म्हणजे माणशी साडेदहा गुंठ्यांच्या आत. बारा आणि साडेदहा. आकारानं इतके वेगळे देश या मापावर एकमेकांच्या इतके जवळ आहेत हे आकडे मांडल्याशिवाय कळत नाही, आणि मला अजूनही हा हिशेब फळ्यावर उतरताना बघायला आवडतं.

जमीन तेवढीच आणि माणसं तिप्पट, तर मग धान्य आलं कुठून? त्यासाठी एकूण पेरा घ्यावा लागतो. १९५०-५१ मध्ये भारतात पिकाखालील एकूण क्षेत्र १३.२ कोटी हेक्टर होतं, म्हणजे १०० हेक्टर रानावर १११ हेक्टर पेरा. २०२१-२२ मध्ये तो १५५ झाला. निव्वळ ओलिताचं क्षेत्र याच काळात सुमारे २.१ कोटींवरून साडेसात कोटींच्या पुढे गेलं. विहिरी आणि बोअर नसते तर रब्बीचा आणि उन्हाळी पेरा एवढा वाढला नसता. चीनचा पेरा अलीकडे १७ कोटी हेक्टरांच्या आसपास असतो. पण भारताच्या २१.९ शेजारी तो थेट ठेवू नका. भारताच्या आकड्यात फळबागा आहेत, चीनच्या पेऱ्यात त्या नसतात.

पीकवार काढणी क्षेत्रांची बेरीज करून क्रॉपलँड काढायचा मोहही टाळा. दुबार पिकं दोनदा येतात, पड येत नाही, आणि सोयाबीनमध्ये घेतलेल्या तुरीचं क्षेत्र कसं वाटून धरलं हे देशागणिक बदलतं.

उपग्रहाचे आकडे

उपग्रह सगळ्या देशांना एकाच डोळ्यानं बघतो, म्हणून तो निःपक्षपाती वाटतो. काही अंशी तो आहेही. पण त्याला काय शोधायला सांगितलं यावर उत्तर ठरतं. अमेरिकेच्या भूगर्भीय सर्वेक्षण संस्थेनं २०१५ सालाचा नकाशा काढला, त्यात जगाची पिकाखालची जमीन १८७ कोटी हेक्टर निघाली आणि भारत १७.९८ कोटींसह पहिला आला, अमेरिका १६.७८, चीन १६.५२. मेरीलँड विद्यापीठाच्या गटानं २०१९ सालासाठी काढलेल्या नकाशात जग १२४ कोटींवर आलं. दोन्हींत ३० मीटरची चित्रं. साठ कोटी हेक्टरांचा फरक! मोठं कारण व्याख्याच: मेरीलँडच्या नकाशात झाडांच्या बागा आणि फिरती शेती नाही, पहिल्यात बागा आहेत. आणि फाओचा जगाचा आकडा या दोहोंच्या मधे, सुमारे १५६ कोटी.

३० मीटरचा एक ठिपका म्हणजे ९०० चौरस मीटर, जवळजवळ ९ गुंठे. अमेरिकेतल्या विस्तीर्ण शेतावर असे शेकडो ठिपके निखळ पिकाचे येतात. भारतात २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सरासरी धारणा १.०८ हेक्टर, आणि तीही दोन-तीन तुकड्यांत. ठिपक्यात अर्धं पीक, अर्धा बांध, एखादं लिंबाचं झाड, गोठा. तो ठिपका अख्खा पिकात जातो किंवा अख्खा बाहेर. म्हणून उपग्रहाच्या दोन मालिका एकमेकींत मिसळू नका. एकाच नकाशाची २००० ते २०१९ ही वाटचाल दोन्ही देशांसाठी बघा. चूक असली तरी ती निदान सगळीकडे एकाच तऱ्हेची राहते.

हिरवाई वाढली म्हणजे शेतजमीन वाढली असंही नाही. २०१९ साली नासाच्या उपग्रहांवरून केलेला एक अभ्यास खूप गाजला, त्यात २००० ते २०१७ दरम्यान हिरवाई वाढवण्यात चीन आणि भारत आघाडीवर निघाले. चीनच्या वाढीत ४२ टक्के जंगलांचा वाटा आणि ३२ टक्के पिकांचा; भारतात ८२ टक्के वाटा पिकांचाच. ही दुबार पेऱ्याची आणि ओलिताची हिरवाई आहे, नव्या रानाची नाही. त्याच काळात निव्वळ पेरणी क्षेत्र १४ कोटींवरच होतं, हे तुमच्या तक्त्यात आधीच लिहिलेलं आहे.

आलेखाखालची टीप

सगळं झाल्यावर आलेखाखाली टीप लिहायची, आणि ती लिहिल्याशिवाय मी प्रकल्प तपासायला घेत नाही. टीप साधारण अशी असावी: 'क्रॉपलँड, म्हणजे हंगामी पिकं, पाच वर्षांपेक्षा कमी काळाची पड आणि फळबागा व इतर कायम पिकं, कुरणं धरलेली नाहीत. स्रोत फाओस्टॅट, अमुक तारखेला उतरवलेला. चीन म्हणजे मेनलँड. तीन वर्षांची सरासरी. चीनमध्ये १९९६, २००९ आणि २०१९ साली नव्या पाहण्या. त्या वर्षांजवळच्या उड्यांचा काही भाग मोजणीतल्या बदलाचा आहे. अंदाजित वर्षं तुटक रेषेनं दाखवली आहेत.'

ही टीप आलेखाच्या चित्रातच बसवा, खालच्या परिच्छेदात नको. चित्र कापून पुढे पाठवलं जातं, परिच्छेद मागेच राहतो.